सातव्या गाळ्यातली थाप

सकाळी साडेनऊला मुख्याधिकाऱ्यांनी मोजणीबाईंना बोलावलं आणि थेट विषयाला हात घातला. सातव्या गाळ्याचा भाडेकरू पळाला होता. शटर उघडं, दिवा चालू, मेजावर अर्धवट रंगवलेला लाकडी घोडा. वर्षभरातला हा तिसरा.

नगरपालिकेने जुन्या बर्फ कारखान्याच्या जागेवर छोट्या धंद्यांसाठी बारा गाळे बांधले होते. घरच्या ओट्यावर काम करणाऱ्यांना हक्काची जागा मिळाली म्हणून सगळे खूश होते. पण सातव्याने सगळ्यांची झोप उडवली. आता सहावाही रिकामा व्हायच्या बेतात होता.

"भूत आहे असं लिहून आणू नका," मुख्याधिकारी म्हणाले. "आवाज कसला ते सांगा."

मोजणीबाईंची तीस वर्षं नगरपालिकेच्या इमारती मोजण्यात गेली होती. त्या आधी खेळणीवाल्याच्या घरी गेल्या. तो अंगावर पांघरूण घेऊन बसला होता. दुपारी जेवायला यंत्रं थांबली की तीन ठोके पडतात, मग थोडं थांबून आणखी तीन, असं त्याने सांगितलं.

"दमलेला माणूस दार ठोठावतो ना, तसं."

"कुठून येतो आवाज?"

"उजवीकडच्या भिंतीतून."

"रोज?"

"रोज. म्हणजे, मागच्या महिन्यात आठ दिवस नव्हता. मला वाटलं, सुटलो."

सहाव्यातल्या किल्लीवाल्यालाही तो पुसटसा ऐकू यायचा. तोही म्हणाला, सातव्याच्या पलीकडच्या भिंतीतून.

गाळ्यांची देखरेख मुकादमाकडे होती. बांधकामही त्याच्याच हाताखाली झालेलं. त्याने सातव्याची किल्ली उंबऱ्याबाहेरूनच पुढे केली. आत या म्हटल्यावर गुडघे दुखतात म्हणाला. तिथे एकही पायरी नव्हती.

"तुम्ही आवाज ऐकलात, मुकादम?"

"इथे? कधीच नाही, बाई. लोक म्हणतात, खालून येतो. जमिनीतून."

"खाली काय आहे?"

"कारखान्याची टाकी होती. बुजवून टाकली."

बाईंनी मान डोलावली आणि बांधकामाचं हजेरीबुक मागून घेतलं. एका गवंड्याची हजेरी एका शनिवारी संपत होती. पुढे मुकादमाच्या अक्षरात शेरा होता: सोमवारी न सांगता निघून गेला. टाकी बुजवल्याची नोंद त्या दोन दिवसांमधल्या रविवारची. त्या दिवशी एकाही मजुराची हजेरी नव्हती.

दुपारी त्या सातव्यात एकट्याच बसल्या. बाहेरची यंत्रं एकेक करून गप्प झाली. रंगाचा वास कोंडला होता. घोड्याला एकच डोळा काढलेला होता आणि तो त्यांच्याकडेच बघत होता.

ठक. ठक. ठक.

बाईंनी एक तळवा भिंतीवर ठेवला आणि दुसरा फरशीवर.

ठक. ठक. ठक.

भिंत थरथरली. फरशी मात्र थंडगार, मुकी होती.

त्या उठल्या आणि शेजारच्या आठव्यात शिरल्या. तिथे एक बाइंडिंगवाली वह्या शिवत होती. मेजावर पुस्तकांच्या पाठी ठोकायची हातोडी होती. फळीवर खळीच्या ब्रशांशेजारी गवंड्याची थापी आणि ओळंबा. बाईंनी फक्त एवढंच विचारलं, की मागच्या महिन्यात गाळा बंद होता का. आई आजारी होती, ती म्हणाली. आठ दिवस.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मुख्याधिकाऱ्यांना, बाइंडिंगवालीला आणि मुकादमाला सातव्यात बोलावलं. वर्दीतला एक हवालदार दाराशी उभा राहिला. साहेबांसमोर मुकादमाला आत यावंच लागलं. तो भिंतीला चिकटून उभा राहिला, फरशीच्या मधोमध पाय पडू नये असा.

"ठोके ही वाजवते," बाईंनी बाइंडिंगवालीकडे बोट केलं. "हिचा गाळा बंद होता त्याच आठ दिवसांत आवाजही बंद होता. वह्या शिवणारीला थापी आणि ओळंबा कशाला लागतो?" त्यांनी तिलाच विचारलं, "बेपत्ता गवंडी तुमचा कोण?"

"धाकटा भाऊ," ती म्हणाली. "त्याचं सामान साइटवरून परत आलं, तो नाही आला. हत्यारं टाकून गवंडी कुठे जाईल? शनिवारी घरी म्हणाला होता, उद्या टाकीत उतरायचंय. मी चौकीत गेले, नगरपालिकेत गेले. पळाला म्हणाले. माझ्या शब्दावर फरशी कोण फोडणार होतं? भुताच्या भीतीने तरी फोडतील, वाटलं."

मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, की यात मुकादमाचा संबंध काय.

"शनिवारनंतर गवंड्याला कुणी पाहिलं नाही. रविवारी एकही मजूर नसताना टाकी बुजली. मग सोमवारी पळाला कोण?" बाई मुकादमाकडे वळल्या. "पण मला शंका आली ती तुमच्या बोलण्यावरून. ज्यांनी आवाज ऐकला ते सगळे भिंत म्हणाले. जमिनीतून येतो असं एकटे तुम्ही म्हणालात. तुम्ही इथला आवाज ऐकलाच नव्हता. मग जमिनीखालचा कुठला ऐकला होता?"

मुकादमाने फरशीच्या मधोमध पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली.

टाकीत कितीतरी वर्षांची कोंडलेली हवा होती. दोर न बांधता, हवा न तपासता त्याने गवंड्याला उतरवलं, कारण उद्घाटनाची तारीख जवळ आली होती. तो खाली कोसळला. हाका मारल्या, उत्तर नाही. मेला असं समजून मुकादमाने झाकण लावलं, नोकरी जाईल या धसक्याने मिक्सर चालू केला आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाच्या तोंडातून काँक्रीट सोडायला सुरुवात केली.

"अर्धी टाकी भरली होती," तो म्हणाला. "मग झाकणावर आतून वाजायला लागलं."

"मग?"

"मी मिक्सर बंद केला नाही."

बाइंडिंगवालीने हे ऐकलं नाही, ती आधीच बाहेर गेली होती. भाऊ खाली आहे एवढं कळल्यावर तिच्याने आत उभं राहवलं नव्हतं. हवालदाराने मुकादमाचा दंड धरला.

मोजणीबाई बाहेर आल्या, तेव्हा ती आठव्याच्या शटरला टेकून बसली होती. उद्या सकाळी फरशी फोडतील, बाईंनी सांगितलं. तिने मान हलवली. मग हळूच विचारलं,

"ताई, तो लगेच गेला ना हो? कळलं नसेल ना काही?"

मुकादमाची जबानी उद्या ना परवा तिच्या हातात पडणारच होती. मोजणीबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"खालची हवाच वाईट होती," त्या म्हणाल्या. "उतरल्या उतरल्या पडला."

तिने डोळे मिटले. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि यंत्रं पुन्हा सुरू होईपर्यंत सोडला नाही.