खूण खरी आहे

रकाना १. अर्जदार सध्या कुठे आहे

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या जिन्यावर. वरून सहाव्या पायरीवर बसली आहे. धाप लागली आहे, पण विचारलंत तर नाही म्हणेल.

खालून एक माणूस वर येत होता. खांद्यावर पांढऱ्या कागदाची भलीमोठी गुंडाळी, काखेत दिव्याचं स्टँड. गुंडाळी अशी आडवी की तिला ओलांडून त्याला जाता येईना, आणि तिचे पाय असे लटपटत होते की तिला उठता येईना.

"जरा..." तो म्हणाला.

"दोन मिनिटं."

"चार घ्या. मलाही थांबायला कारण हवंच होतं." त्यानं गुंडाळी भिंतीला टेकवली. "वर कोणाकडे?"

"फोटो स्टुडिओत. व्हिसासाठी फोटो हवाय."

"व्हिसा कार्यालयासमोर तळमजल्यावर तीन स्टुडिओ आहेत."

"माहीत आहे."

"मग इथे कशाला? वरचा फोटोवाला काही फार नावाजलेला नाही."

"मला फोटोवाल्याशी काय करायचंय? मला चार मजले चढून बघायचे होते."

माणसानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग गुंडाळी पुन्हा खांद्यावर घेत म्हणाला, "मीच तो. या सावकाश. दार उघडं ठेवतो."

रकाना ४. प्रकृतीविषयी माहिती

झालं असं होतं की पावणेदोन वर्षांपूर्वी तिच्या मानेत गाठ निघाली. एक काढली तर आत आणखी तीन. मग सलाईनच्या बाटल्या, मग मशीनखाली निजणं, मग पुन्हा बाटल्या. केस गेले, भुवया गेल्या, जिभेची चव गेली. राहिली ती एक गोष्ट, बोटींचं वेळापत्रक.

दहा वर्षांची असताना तिनं एका परक्या देशातल्या बंदराचं चित्र पाहिलं होतं. डोंगर उतरून पाण्यात पाय सोडून बसलेलं गाव, आणि बेटाबेटांना शिवत जाणाऱ्या पांढऱ्या बोटी. तेव्हापासून जायचं होतं. आधी शिक्षण, मग नोकरी, मग दादाचं लग्न, मग गाठ. हॉस्पिटलात तिनं त्या बोटींचं वेळापत्रक तोंडपाठ केलं. सात दहाची, आठ चाळीसची, अकरा पंचवीसची. एक बाटली संपायला चार तास लागत. आठ चाळीसच्या बोटीला चौथ्या बेटावर पोचायलाही बरोबर चार तास. नर्स विचारायची, "कसं वाटतंय?" ही म्हणायची, "दुसरं बेट गेलं."

आता केस परत आले होते. गेले तेव्हा सरळ होते, आले ते कुरळे. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी तपासणी ठेवली होती. दोन तपासण्यांच्या मधल्या फटीत तिनं तिकीट काढून टाकलं. सतरा तारखेला जायचं, एकोणतीसला परत. एकटीनं.

"इथे पाणी नाही का? इथे बोटी नाहीत?" आई म्हणाली.

"मी येतो सोबत, रजा टाकतो," दादा म्हणाला.

वहिनी तेवढी म्हणाली, "बारकीला जाऊ द्या. गेली नाही तर वर्षभर आपल्यालाच बोटीत बसवून ठेवेल."

रकाना ५. छायाचित्र (हसू नये)

"हसू नका."

"नाही हसत."

"आत्ता हसताय."

"हे हसणं नाही, माझं तोंडच असं आहे."

"मघाशी जिन्यावर नव्हतं."

हे ऐकून तिला खरंच हसू फुटलं. त्यानं तरीही खटका दाबला आणि कॅमेरा खाली केला. असं बऱ्याच वेळा झालं. दिवा जरा सरकवला. तिचा हात आपोआप मानेकडे गेला, डाव्या बाजूच्या खुणेवर दोन बोटं फिरून परत मांडीवर आली. त्यानं ते पाहिलं.

"काहीतरी गंभीर आठवा," तो म्हणाला. "कुठे नोकरी करता?"

"दातांच्या लॅबमध्ये. कवळ्या बनवते."

आता तो हसला. आणि तिनं धंद्याच्या नजरेनं पाहून घेतलं. वरचा उजवा सुळा तांदळाच्या अर्ध्या दाण्यानं पुढे आलेला.

"तुमचा सुळा पुढे आहे."

"माहीत आहे. फोटोवाला असल्याचा हाच फायदा, आपला फोटो कोणी काढत नाही."

"काढून घेऊ नका. छान आहे," ती म्हणाली. मग आपण काय बोललो ते ऐकून तिचा चेहरा एकदम गंभीर झाला... आणि त्यानं खटका दाबला.

रकाना ६. यापूर्वी या ठिकाणी आला होतात का? किती वेळा?

मोजलेल्या तीन वेळा. एकदा जास्तीच्या प्रती हव्यात म्हणून. एकदा प्रती जास्त झाल्या म्हणून. तिसऱ्यांदा कारण सापडेना, तेव्हा ती सरळ म्हणाली, "जिना चढायला आले."

"किती वेळा थांबलात?"

"एकदा."

"मग पुढच्या वेळी न थांबता. वर आल्यावर चहा माझा."

ती येत राहिली, आणि न थांबता जमलं नाही तरी चहा व्हायचाच, खिडकीशी. दोन कप, एकाचा कान तुटलेला. तो तुटका आपल्याकडे ओढायचा आणि ती ते न पाहिल्यासारखं करायची. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्च्या दिसत, वाळत घातलेल्या चादरी, आणि एक म्हातारा रोज तीच कुंडी इकडून तिकडे हलवायचा. बोलता बोलता तिनं गाठींचं सांगितलं, आठ चाळीसच्या बोटीचंही.

"रविवारी काय करता?" एकदा त्यानं चहात बघत विचारलं.

तिनं कप खाली ठेवला. "हे पाहा... माझं कॅलेंडर तीन महिन्यांचं असतं. मग रिपोर्ट येतो. मग पुढचे तीन. घरच्यांचा नाइलाज आहे, ते माझ्यासोबत अडकले आहेत. आणखी माणूस त्यात गोळा करायचा नाही, असं मी ठरवलंय."

"मी रविवारचं विचारलं," तो म्हणाला. "तीन महिन्यांत बारा-तेरा येतात."

तिनं पर्स उचलली. पण जिना उतरताना तिला कळलं, आपण बारा-तेरा हा आकडा मोजत उतरतो आहोत.

रकाना ७. ओळखीची ठळक खूण

अर्ज नऊ तारखेला परत आला.

कागदावर लिहिलं होतं: ओळखीच्या खुणेत अर्जदाराने मानेवरील व्रण नमूद केला आहे, छायाचित्रात तो नाही. पासपोर्टमधील चेहराही वेगळा दिसतो. छायाचित्रात फेरफार केल्याचे आढळते. पडताळणीसाठी स्पष्टीकरण व नवे छायाचित्र सादर करावे.

ती त्या दिवशी चारही मजले न थांबता चढली. राग माणसाला काय काय करायला लावतो.

"तुम्ही माझी खूण पुसलीत?"

तो कॅमेऱ्याची काच पुसत होता, हात तसाच राहिला. "अं... हो. म्हणजे... सवय असते हाताला. लोकांचे मुरुम, डाग—"

"हा डाग आहे?"

"नाही."

"मी दिवसाला वीस दात घडवते. मुद्दाम एखादा अर्ध्या दाण्यानं वाकडा बसवते, कडेला किंचित पिवळा ठेवते. का? अगदी सारखे, अगदी पांढरे दात लांबून खोटे दिसतात. हे माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलींना पहिल्या आठवड्यात समजतं. तुम्हाला इतक्या वर्षांत समजलं नाही?"

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आठ दिवस राहिलेत. आता हुकलं तर पुढची तपासणी. आणि त्या तपासणीत काय निघेल ते..." तिनं वाक्य तिथेच सोडलं. "ही खूण मी कमावली आहे. तुम्ही कोण ती पुसणारे?"

"कॅमेरा वर केला की तुमचा हात मानेवर जायचा," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला ती नकोशी आहे. वाटलं, तुम्हाला न विचारताच... विचारलं असतं तर तुम्हाला लाज वाटली असती."

"मी ती जागेवर आहे ना ते बघते. घरातून निघताना किल्ली बघतात तसं."

यावर त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण ती पाहायच्या मनःस्थितीत नव्हती. खुर्चीवर बसली, मान ताठ केली. "काढा फोटो. आज हसणार नाही, काळजी नको."

खरंच हसली नाही. पहिल्याच फोटोत काम झालं. ते त्याला मुळीच आवडलं नाही, हे त्याच्या पाठीवरूनही दिसत होतं.

निघताना त्यानं बंद पाकीट पुढे केलं. "स्पष्टीकरण. चूक माझी आहे, तर लिहूनही मीच द्यायला हवं. दहा मिनिटं बसलात म्हणून लिहिता आलं."

तिनं ते न उघडता पर्समध्ये कोंबलं.

रकाना ८. जोडलेली कागदपत्रे

खिडकीमागच्या अधिकारीण बाईंनी चष्मा वर केला, पाकीट फोडलं आणि वाचायला लागल्या. मध्येच थांबल्या. तिच्याकडे पाहिलं. पुन्हा वाचलं.

"तुम्ही वाचलंय हे?"

"नाही."

बाईंनी कागद काचेखालून अर्धा सरकवला.

*मा. अधिकारी यांस,*

*मी खाली सही करणारा छायाचित्रकार लिहून देतो की, अर्जदारांच्या मानेवरील खूण मी माझ्या मनाने पुसली. त्यांनी तसे सांगितले नव्हते. खूण खरी आहे. डाव्या बाजूस, अंगठ्याएवढी लांब, खालच्या टोकाशी किंचित वळलेली. प्रकाश समोरून आला तर लपते, बाजूने आला तर दिसते.*

*पासपोर्टात केस सरळ आहेत, आता कुरळे आहेत. व्यक्ती तीच आहे. डावी भुवई उजवीहून जरा वर आहे, ती दोन्ही फोटोंत तपासावी. हसताना उजवा डोळा आधी बारीक होतो, डावा मागून येतो. हे आपल्याला तपासता येणार नाही, कारण हसण्यास मनाई आहे.*

*मी त्यांचे एकूण अठ्ठेचाळीस फोटो काढले. त्यांपैकी एकेचाळिसांत त्या हसत असल्याने ते नियमात बसत नाहीत. ते मी जपून ठेवले आहेत.*

*चूक सर्वस्वी माझी आहे. त्याची शिक्षा त्यांना होऊ नये. त्यांना आठ चाळीसची बोट पकडायची आहे आणि त्यांनी त्यासाठी फार वाट पाहिली आहे.*

*आपला विश्वासू.*

तिनं कागद दोनदा वाचला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. रांगेतला मागचा माणूस खाकरला.

"हे तुमचे कोण?" बाईंनी विचारलं.

"फोटोवाले."

"माझा फोटो काढणाऱ्यानं माझ्याकडे मान वर करूनसुद्धा बघितलं नव्हतं." बाईंनी नवा फोटो, मान, पासपोर्ट असं तिन्हीकडे पाहिलं. "हसा बरं."

"इथे?"

"तपासणी आहे."

ती हसली. बाईंनी मान डोलावली, "उजवा आधी. बरोबर आहे," आणि शिक्का मारला. "चौदा तारखेला घेऊन जा."

"हे पत्र... मला परत मिळेल?"

"फाइलला लागेल. तुम्ही त्यांच्याकडून दुसरं लिहून घ्या."

अर्जाबाहेर

चौदा तारखेला दुपारी ती लॅबमध्ये मेणाच्या हिरडीत दात बसवत होती. समोरच्या ट्रेमध्ये पाचसहा जबडे सुकत पडले होते. दार ढकलून फोटोवाला आत आला आणि इतके दात आपल्याकडे बघताहेत हे पाहून दारातच थबकला.

"मिळाला का? म्हणजे... व्हिसा?"

"मिळाला."

त्याचा जीव भांड्यात पडलेला चक्क ऐकू आला. तो स्टुलावर बसला. शेजारच्या टेबलावरच्या दोघी मुली एकदम फार मन लावून काम करू लागल्या.

"पत्र वाचलं मी," ती म्हणाली. नजर मेणावर.

"ते अधिकाऱ्यांसाठी होतं."

"हो का? मग त्यांनाच फिरायला न्या रविवारी."

"त्यांना रविवार विचारला नव्हता."

ती दात बसवत राहिली. एक जरा वाकडा झाला, तसाच ठेवला.

"मी विमानतळावर येऊ का?" त्यानं विचारलं.

"दादा आहे, वहिनी आहे, आई आहे. रडायला माणसं पुरेशी आहेत."

"मग... तिकडे? बोट मोठी असते. मी दुसऱ्या टोकाला बसेन."

तिनं मेणाची सुरी खाली ठेवली. "नको. पावणेदोन वर्षं मला प्रत्येकानं धरून नेलंय. उठवलंय, निजवलंय, स्कॅनला ढकललंय. हे एक मला एकटीनं जाऊन यायचंय. रागावू नका."

"रागावलो नाही." तो उठला. खरंच रागावला नव्हता, फक्त जरा लहान झाल्यासारखा दिसत होता. "जाऊन या. छान जाऊन या."

तो दारापर्यंत गेला. तिचं काळीज धडधडत होतं, पहिल्या रिपोर्टच्या वेळी धडधडलं होतं तसं, आणि तरी अगदी वेगळं. बोट एकटीनं पकडता येईल, हे तिला आता ठाऊक होतं. जे जमत नव्हतं ते दुसरंच होतं. रिपोर्टच्या दिवशी हॉस्पिटलच्या लांब बाकावर ती नेहमी एकटी बसायची. आई घाबरते म्हणून घरी, दादा खाली गाडीत. कुणाला आपला चेहरा त्या घटकेला दिसू नये म्हणून.

"ऐका," ती म्हणाली.

तो वळला. दोघी मुलींचे हात थांबले.

"एकोणतीसला मी परत येते. त्यानंतरच्या मंगळवारी तपासणी आहे. रिपोर्ट त्याच दिवशी देतात, तीन-चार तास बाकावर बसावं लागतं." तिनं श्वास घेतला. "तिथे... कोणी शेजारी बसलेलं नसतं. तू येशील?"

त्यानं तो 'तू' ऐकला. तिनंही ऐकला. आता मागे घेता येण्यासारखा नव्हता, आणि घ्यायचाही नव्हता.

"काय निघेल ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"मलाही माहीत नाही," तो म्हणाला. "किती वाजता?"

"साडेआठ. उपाशीपोटी यायचं असतं."

"तू उपाशी. मी का?"

"शेजारी बसायचं तर नीट बस. मी उपाशी आणि तू ढेकर देतोयस, असं चालणार नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि दारातच उभा राहून इतका हसला की पुढे आलेला तो सुळा लॅबभर दिसला. "मग मीही उपाशी. रिपोर्ट काहीही असो, नंतर जेवायला मात्र तू म्हणशील तिथे जायचं."