सलामवाल्याची मान

खेळण्यांच्या संग्रहालयाला मागच्या बाजूने एक दार आहे, आणि सोमवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, तेवढंच उघडं असतं. त्या सोमवारी सकाळी डॉक्टरीण त्या दारात उभी राहून एका लाकडी खोक्याची पोच लिहून देत होती. डॉक्टरीण म्हणजे औषधं देणारी नव्हे हं. डोळा हरवलेली अस्वलं, चाक निखळलेल्या आगगाड्या, केस उपटलेल्या बाहुल्या, यांची ती डॉक्टर. सगळा कर्मचारीवर्ग तिला त्याच नावाने हाक मारायचा, आणि तिलाही ते आवडायचं. रोगी बोलत नाहीत, तक्रार करत नाहीत, नातेवाईक डोकं खात नाहीत. आणखी काय हवं?

खोकं उघडलं आणि तिचं तोंडच आंबट झालं. आत सलामवाला होता.

तिच्या वयाच्या कोणालाही विचारा, सलामवाला म्हटलं की हसू येतंच. शहरातल्या सगळ्यात मोठ्या खेळण्यांच्या दुकानाच्या काचेत तो असायचा. हातभर उंच, पत्र्याचा. लाल कोट, पितळी बटणं, कोळशासारखा काळा चेहरा, बशीएवढे पांढरे डोळे आणि कानापासून कानापर्यंत पसरलेले लालभडक ओठ. पाठीतली चावी फिरवली की तो कमरेत आणि मानेत वाकून सात वेळा सलाम करायचा. मुलं काचेला नाक लावून मोजायची आणि खदाखदा हसायची. त्याच्या लहान प्रती घरोघरी होत्या.

डॉक्टरीण स्वतः काळी. सावळीबिवळी नव्हे, चांगली काळी. तिच्या आईकडची सगळी माणसं तशीच, लांबून कुठून तरी कामासाठी आणलेल्या माणसांची पोरं-नातवंडं. शाळेत मधल्या सुट्टीत मुली तिला घेरायच्या, तिच्या पाठीत बोट रोवून चावी फिरवल्यासारखं करायच्या, आणि ती वाकायची. सात वेळा. हसत हसत वाकायची, हे त्यातलं सगळ्यात वाईट. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आणि आता तिच्या लेकीचा वर्ग शुक्रवारी नवं दालन बघायला येणार होता. लेक आठ वर्षांची, रंगाने आईची सख्खी लेक.

संचालकांनी सकाळीच कानावर घातलं होतं. शुक्रवारी दालनाचं उद्घाटन, दुकानाच्या मालकीणबाई स्वतः येणार, आणि सलामवाला त्यांच्यासमोर चालू झाला पाहिजे. डॉक्टरिणीची नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवरची, तिचाही निकाल शुक्रवारीच. बाहेर दोन तट पडले होते. काही म्हणायचे, हे असलं खेळणं दाखवायलाच नको. काही म्हणायचे, आमचं लहानपण आहे ते, त्यात कसली आलीय जात आणि रंग. डॉक्टरिणीने चाचरत विचारलं, निदान बंद अवस्थेत ठेवू या का. संचालक गोड हसले आणि म्हणाले, तुम्ही फारच मनाला लावून घेता. गोड हसणारी माणसं फार वाईट, त्यांच्याशी भांडताही येत नाही.

खोक्याच्या तळाशी तीन चिठ्ठ्या होत्या, आधीच्या तीन कारागिरांच्या. तिघांची अक्षरं वेगळी, मजकूर एकच. स्प्रिंग ठीक. चाकं ठीक. चालत नाही.

दुरुस्तीची खोली तळघरात. खिडकी नाही, एक पांढरा दिवा, टेबलावर फेल्टचं कापड, आणि तेलाचा, गंजाचा, जुन्या रंगाचा मिसळलेला वास. चावीच्या खेळण्यांचा एक नियम असतो, आणि नवशिक्यालाही तो पहिल्या दिवशी घोटून घ्यावा लागतो. पोट उघडण्याआधी चावी उतरवायची. म्हणजे स्प्रिंगमध्ये उरलेला ताण हाताने, एकेक दात करत, सोडून द्यायचा. नाहीतर स्प्रिंग उसळते आणि बोटं तोडते. डॉक्टरिणीने मंगळवारी चावी धरली, हळूहळू उतरवली, मग पाठीचं झाकण काढलं.

आत सगळं लखलखीत होतं. फक्त मानेतली लोखंडी सळी, पेन्सिलीएवढी जाड, वाकलेली होती. सहसा सळी वाकते ती पुढे, वर्षानुवर्षं सलाम करून. ही मागे वाकली होती. आतून कोणीतरी सगळा जोर लावून डोकं वर रेटावं, तशी.

तिने सळी काढली, शेगडीवर तापवली, ठोकून सरळ केली, पुन्हा बसवली. चावी दिली. सलामवाला कुरकुरला आणि वाकला. एक, दोन, तीन… सात. एकदम झकास. तीन कारागिरांना जमलं नाही ते आपल्याला जमलं म्हणून तिची छाती क्षणभर फुगली, आणि दुसऱ्याच क्षणी पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, बोट रोवल्यासारखं झालं. तिने चटकन मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की दिवा न मालवताच ती घरी गेली.

बुधवारी सकाळी सळी पुन्हा मागे वाकलेली होती.

आता तुम्ही म्हणाल, लोखंड नीट तापलं नसेल. तिनेही हेच म्हटलं. खोलीची एकच किल्ली पहारेकरी काकांकडे असायची, म्हणून त्यांना विचारलं. काका म्हणाले, कोणी आत गेलं नाही. मग थोडे घुटमळले आणि हळूच म्हणाले, रात्रभर आत कोणीतरी जड वस्तू उचलताना कण्हतं तसं ऐकू येत होतं, पण मी काही दार उघडलं नाही बाई, मला अजून दोन वर्षं नोकरी करायचीय.

तिने सळी पुन्हा सरळ केली नाही. म्हटलं, आधी चेहरा साफ करू. कापसाच्या बोळ्याला द्रावण लावून तिने ओठांच्या कोपऱ्यावर नखाएवढी जागा पुसली. लाल रंग सहज सुटला. खाली दुसरा रंग होता. तिने आणखी पुसलं. दुपार झाली, डबा तसाच राहिला. त्या पसरलेल्या लाल हसण्याखाली मिटलेले ओठ निघाले, बारीक कुंचल्याने जीव ओतून रंगवलेले, साधे माणसाचे ओठ. डोळ्यांचा पांढरा रंग सुटला आणि खाली थकलेले, समजूतदार, चाळिशीच्या माणसाचे डोळे निघाले. घडवणाऱ्याने आधी कोणातरी खऱ्या माणसाचा चेहरा केला होता. मग दुसऱ्या कोणीतरी म्हटलं असणार, याला हसवा, नाहीतर खपणार नाही.

डॉक्टरीण खुर्चीत मागे टेकून त्याच्याकडे बघत राहिली. तिला रडू आलं, आणि रडताना राग आला, आणि राग आल्यावर बरं वाटलं.

गुरुवारी साडेबारा वाजता संचालक मालकीणबाईंना घेऊन तळघरात उतरले, मागोमाग पहारेकरी काका. बाई नव्वदीच्या, काठी टेकत, पण साडी कडक इस्त्रीची. सलामवाल्याचा चेहरा बघून संचालकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. हसू कुठे गेलं? कोणाला विचारून पुसलं? आणि हा चालतोय की नाही?

"चालतो," डॉक्टरीण म्हणाली. "मी चालवणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या आठ-आठ वर्षांची पोरं इथे येणार आहेत. त्यांच्यासमोर हा वाकणार नाही. सळी सरळ करायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मी देणार नाही."

संचालक गोड हसले. शुक्रवारची आठवण करून दिली, दुसरी माणसं मिळतात हेही सांगितलं. घरी हप्ते होते, लेकीची शाळा होती, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. पण मान काही खाली जाईना. संचालक म्हणाले, ठीक आहे, मीच बघतो, आणि त्यांनी चावी धरून फिरवायला सुरुवात केली. नीट नव्हे, रागाने, कराकरा.

सात फेरे झाले. सलामवाला हलला नाही. काय अडतंय ते बघायला संचालक टेबलावर झुकले. तेव्हा आत कुठेतरी कुरकुरलं, आणि सलामवाल्याचं डोकं खाली जायच्या ऐवजी वर येऊ लागलं. सावकाश. जिथे थांबायला हवं त्याच्याही वर. हनुवटी उचलली गेली, आणि ते थकलेले डोळे संचालकांच्या डोळ्यांना भिडले.

संचालक सरळ होईनात.

आधी वाटलं, नीट बघताहेत. मग त्यांच्या घशातून बारीक आवाज निघाला. चेहरा लाल झाला. मान कोणीतरी वरून दाबून धरावी तशी टेबलाकडे आणखी खाली गेली… आणखी खाली… कपाळ फेल्टला टेकलं. खोलीतला दिवा नुसता गुणगुणत होता.

"उठवा… मला…" ते पुटपुटले.

काकांनी खांदे धरून ओढलं. माणूस जागचा हलेना. डॉक्टरिणीच्या डोक्यात एकच गोष्ट आली, पहिल्या दिवशी घोटलेली. ती पुढे झाली, सलामवाल्याच्या पाठीतली चावी धरली आणि उतरवू लागली. एकेक दात. चावी गरम होती. एक फेरा उतरला, संचालकांचं डोकं बोटभर उचललं. दुसरा उतरला, आणखी थोडं. तिला थांबता आलं असतं. खोटं कशाला सांगायचं, चौथ्या फेऱ्याला ती थांबलीच, चांगले दहा श्वास. त्यांना कळू दे, असं मनात आलं. मग तिने उरलेली चावी उतरवली. हा माणूस वाकलेला बघून तिला समाधान होणार नव्हतं, कोणीच वाकायला नको होतं.

संचालक भिंतीला धरून उभे राहिले. कंबर धरली, म्हणाले. या तळघरात ओल फार आहे.

मालकीणबाई मात्र सलामवाल्याकडे एकटक बघत होत्या.

"हा आमच्या दुकानात दार उघडायला होता," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "खरा माणूस. गिऱ्हाईक आलं की वाकायचा. एक दिवस वाकला नाही, म्हणून आजोबांनी काढून टाकला… आणि मग हा करून घेतला." त्या जिन्याकडे वळल्या. "असाच ठेवा," एवढं म्हणून त्या जिना चढून गेल्या.

शुक्रवारी सलामवाला काचेच्या पेटीत उभा होता, मागे वाकलेल्या सळीसकट, मिटल्या ओठांचा. पाटी डॉक्टरिणीने लिहिली. याला वाकण्यासाठी बनवलं होतं, हा वाकत नाही, आणि याच्यावर हसू रंगवलं होतं, ते आम्ही पुसलं आहे, एवढंच. संचालकांनी कमरेला पट्टा बांधून तिच्या नेमणुकीच्या कागदावर सही केली, तिच्याकडे न बघता.

वर्ग आला. डॉक्टरीण खांबाआड उभी राहिली. जीव मुठीत धरणं म्हणजे काय, ते तिला त्या पाच मिनिटांत कळलं. पोरं पेटीभोवती जमली, आणि एका मुलीने तिच्या लेकीला कोपराने ढोसलं.

"ए, हा तुझ्यासारखा दिसतो."

लेकीने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. वरपासून खालपर्यंत.

"हो," ती म्हणाली. "बघ ना कसा उभा आहे."

आणि ती पुढच्या पेटीकडे गेली, तिथे आगगाड्या होत्या. डॉक्टरीण खांबाआड खाली बसली आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, ती मागच्या दाराने आली तर दाराबाहेर रांग होती. वीस-पंचवीस माणसं, शहरातली, शेजारच्या गावांतली. प्रत्येकाच्या हातात कापडात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. एकमेकांकडे बघत नव्हती. माळ्यावरचे, ट्रंकेतले, कपाटामागचे छोटे सलामवाले. प्रत्येकाची तक्रार एकच, हलक्या आवाजात सांगितलेली. चावी देऊन बघितली, वाकत नाही. कधीपासून, तर गुरुवारपासून, दुपारी साडेबाराच्या सुमारास माळ्यावर काहीतरी कडकन वाजलं. तिने प्रत्येक सलामवाल्याची पाठ उघडून बघितली. प्रत्येकाची सळी मागे वाकलेली होती.

रांगेत सगळ्यात शेवटी एक तरुण आई होती. तिने टॉवेलची घडी उलगडली. आत कापडाची काळी बाहुली, पोट मऊ, हातपाय लोंबणारे, तोंडावर लाल लोकरीने शिवलेलं हसू. टाके एका बाजूने उसवलेले.

"हिला चावी नाही," ती बाई कुजबुजली. "काहीच नाही आत. माझ्या मुलीने गुरुवारी जेवताना मांडीवर घेतली होती. मान बघा ना…"

डॉक्टरिणीने बाहुली उचलली. हातपाय खाली लोंबले. मान ताठ होती. बोटांनी दाबून बघितली, कापडाखाली बोटाएवढं काहीतरी कडक होतं, आणि ते किंचित उबदार होतं. तिने कात्री घेतली, मानेचे टाके एकेक करून काढले आणि आत बघितलं. कापूस होता. तिने तो चिमटीने सगळा बाहेर काढला, टेबलावर पसरला, पुन्हा पुन्हा चाचपला. नुसता कापूस. टेबलावर बाहुलीचं रिकामं कापड पडलं होतं, आणि त्याची मान तशीच ताठ उभी होती.

"दुरुस्त होईल ना हे…?" त्या बाईने विचारलं.

डॉक्टरिणीने कापूस हलक्या हाताने परत भरला, टाके घातले, आणि बाहुली तिच्या हातात दिली.

"बाई, बिघडलंय कुठे हिचं?" ती म्हणाली.