तळाची पायरी

"बेन, छेल्लो डब्बो आ भाई लई गया," दुकानदाराने हात हलवला.

निरुपमाने वळून पाहिलं. आ भाई — उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला — रेझिनचा तो शेवटचा डबा छातीशी धरून उभा होता, कुणीतरी तान्हं मूल सांभाळायला दिल्यासारखा. ती मराठीत पुटपुटली, "मेल्याला आंघोळ करायचीय की काय त्यात!"

"आंघोळ नाही हो," तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "विमानाला जोडे घालायचेत."

बडोद्यात हे नेहमीचंच. बाहेर सगळे गुजराती बोलतात, आणि मनातलं म्हणून जे मराठीत बोलावं ते नेमकं मराठी माणसाच्याच कानावर पडतं. निरुपमाचे कान तापले. जीभ मात्र थांबली नाही.

"मग चांभाराकडे जा की! मला पुतळ्याचा हात ओतायचाय. सोमवारी सरांना दाखवायचाय."

"अर्धं अर्धं घेऊ. पण एक अट… हे वापरायचं कसं ते शिकवा. काल हार्डनर जास्त पडलं, आणि ब्रशसकट सगळं दगड झालं."

हसायचं नव्हतं तिला. हसू आलंच.

त्याचं नाव प्रतापसिंह. बाजव्याला रिफायनरीत इंजिनियर होता आणि हरणीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकला होता. ते साल चौऱ्याण्णव. परदेशातून वस्तू मागवणं नुकतंच सोपं झालं होतं. लोकांनी टीव्ही मागवले, कॅमेरे मागवले. त्याच्या काकांनी, उदयसिंहरावांनी, लाकडी पेट्यांतून सुटं विमान मागवलं! दोन माणसांपुरतं, घरी जोडायचं. त्यांचे आजोबा गायकवाड सरकारच्या घोडदळात होते. "त्यांनी घोड्यावरून नद्या ओलांडल्या, मी विमान पाण्यावर उतरवणार," असं काका मिशीवर हात फिरवत सांगत. वाघोडियाच्या पुढे त्यांच्या शेताला लागून मोठा तलाव होता. परवानग्या हाती होत्या. फक्त चाकांच्या जागी लावायचे ते दोन लांबट पोकळ फ्लोट, म्हणजेच ते जोडे, बोटीच्या प्रवासात तडकून आले होते. आणि उन्हाळा लागला की तलाव आटणार. पुढच्या वर्षाची हमी काका देत नसत. त्यांचं हृदय देऊ देत नव्हतं.

अशी निरुपमा कारेलीबागेतून लुना काढून रविवारी शेतावर जाऊ लागली. ती फाइन आर्ट्सला शिल्पकला शिकत होती. फायबरचं काम म्हणजे तिच्या हातचा मळ. तडे घासायचे, काचेच्या धाग्यांची चटई बसवायची, वर रेझिनचा हात द्यायचा. उत्तरायण, म्हणजे इकडची संक्रांत, नुकतीच झालेली. शेडच्या पत्र्यावर कटलेले पतंग फडफडत असायचे.

"किती वेळ लागेल?" प्रतापसिंह शेजारी उकिडवा बसून विचारायचा.

"थंडी आहे. सावकाश जमेल."

"पण जमेल ना?"

तिने ब्रशवरून नजर उचलली. "फायबरबद्दल विचारताय ना?"

"…हो. फायबरबद्दलच."

मग दोघंही उगाचच त्या फ्लोटकडे बघत बसली.

पुढे रिफायनरीत मोठ्या दुरुस्तीचं काम निघालं आणि पंधरवडाभर तो फिरकला नाही. निरुपमाने एकटीनेच फ्लोट उलटे करून तळ पाहिला. तळाच्या मध्यावर आडवी खाच होती. अगदी पायरीसारखी. दोन्ही फ्लोटना, एकाच जागी. तिने कपाळाला हात लावला. साच्याचे दोन भाग नीट जुळले नाहीत की पुतळ्याच्या अंगावर अशीच धार येते. परदेशी झाले म्हणून काय झालं, साचा जोडताना हे लोकही चुकतात तर! तिने मन लावून ती खाच भरली. घासली, रंगवली. तळ माशाच्या पोटासारखा गुळगुळीत झाला.

प्रतापसिंह आला. त्याने तळावरून हात फिरवला. मध्यावर हात थबकला.

"काय झालं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. नाकावर पांढरी भुकटी, डोळ्यांत नुसती उत्सुकता…

"काही नाही," तो म्हणाला. "सुंदर."

तो एक शब्द तिला कारेलीबागेपर्यंत पुरला. रात्री आईने दोनदा विचारलं, "आमटीत मीठ नाही, कळलं नाही का तुला?"

पण जोडे लावल्यावर प्रतापसिंहने कितीही रेटलं तरी विमान काही उठेना. तलावभर धावायचं, दोन्हीकडे फवारे उडवायचं, आणि पाण्याला चिकटून राहायचं. पुढच्या रविवारीही तेच. काका काठावरून गरजायचे, "इंजिन कुणी लावलंय? रिफायनरीवाल्यांनी तुला कशाला ठेवलाय रे?"

"माझंच काहीतरी चुकलंय, काका," प्रतापसिंह खाली मान घालून म्हणायचा. निरुपमाला त्याची दया यायची.

तिसऱ्या रविवारी काका थकल्या आवाजात म्हणाले, "जोडे काढा. चाकं लावा. आमच्या नशिबात पाणी नाही."

विमान दोरांनी काठावर ओढलं. काका पहिल्यांदाच कष्टाने खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"अरे, पायरी कुठे गेली?"

प्रतापसिंह जोरात खोकला. डोळ्यांनी खुणा करू लागला.

"कसली पायरी?" निरुपमाने विचारलं.

काकांनी जेवणाच्या डब्यातली स्टीलची ताटली पाण्यावर उपडी टेकवली. "उचल. सरळ वर." ताटली पाण्याला घट्ट धरून बसली. "आता एक कड वर कर." पच्च करून ती सुटली. "मध्ये हवा शिरली की पाणी सोडतं, बेटा. त्यासाठीच असते ती पायरी. या गाढवाने सांगितलं नाही तुला?"

आता कान तापायची पाळी प्रतापसिंहची होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हात फिरवला तेव्हाच कळलं."

"आणि तरी सुंदर म्हणालात!"

"जोडे सुंदर होतेच की…"

"काकांची बोलणी खाल्लीत. त्यांचं पाणी आटत चाललं, तरी गप्प राहिलात. मी काय काचेची आहे?"

"वाटलं…" त्याचा आवाज खाली गेला, "चूक दाखवली तर तुम्ही परत येणार नाही."

ती वळून निघून गेली. लुनाचा आवाज वाटेवर विरून गेला.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून तो खिन्न मनाने शेडवर आला, तर आतून छिन्नीचा आवाज! निरुपमा स्वतःचंच काम फोडत बसली होती.

"पायरी किती खोल हवी?" तिने मान वर न करता विचारलं.

त्याने बोटांनी दाखवलं.

"नीट सांगा. मला वाईट वाटेल म्हणून बोटभर कमी नको."

त्याने बोटं आणखी फाकवली. ती तिने तशीच धरून खूण केली, आणि ती खूण करायला जरा जास्तच वेळ लागला.

तलावाचं पाणी काठापासून बरंच आत गेलं होतं, त्या सकाळी विमान पुन्हा धावलं. फवारे उडाले, मागे पडले… आणि पाण्याने सोडलं. फ्लोटवरून थेंबांच्या सरी निथळल्या. काकांनी टोपी काढली. एक घिरटी घालून विमान बगळ्यासारखं अलगद खाली उतरलं. काठाजवळ आल्यावर प्रतापसिंह उडी मारून गुडघाभर पाण्यातून थेट तिच्याकडे आला.

"कसे झालेत जोडे?" तिने विचारलं.

त्याने मागे वळून फ्लोटकडे पाहिलं. "डावा… जरा वाकडा बसलाय. विमान डावीकडे ओढतं."

निरुपमाचा चेहरा असा उजळला की, काठावरच्या काकांना वाटलं, पोराने काहीतरी गोडच सांगितलं असणार.

"खरंच?"

"अगदी खरं."

"मग दुरुस्तीला यायला हवं मला."

"यायला हवंच. आणि नंतरही काही ना काही निघेलच…" त्याने ओले हात शर्टाला पुसले. "त्यापेक्षा कायमचीच ये ना, निरुपमा."

"एक अट आहे. माझं चुकलं की तोंडावर सांगायचं."

"आणि सुंदर असेल ते?"

"तेही सांगा. पण आधी चूक."

"अरे, ए!" काका काठावरून ओरडले. "बोलणी नंतर करा! विमान बांधलंच नाहीस तू, ते चाललं तिकडे!"

"बघा," निरुपमा पाण्यात शिरत म्हणाली, "ही तुमची चूक. तोंडावर सांगतेय."

आणि हसत, चिखलात घसरत, एकमेकांचा हात धरून दोघंही त्या डावीकडे वाहत चाललेल्या विमानामागे धावली.