दुसऱ्या चाबीची पाळी

हिमांशु कापगतेला आकडे वाचायची सवय होती. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर पाण्याची पातळी वाचून वहीत लिहिणं हीच त्याची नोकरी, आणि ती घरीही सुटत नसे. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा तो मनात मोजायचा. निशा, त्याची बायको, त्यावरून त्याला चिडवायची. म्हणजे मागच्या वर्षापर्यंत चिडवायची.

मागच्या वर्षी सातव्या महिन्यात त्यांचं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर निशा सगळी कामं करायची, विचारलं तर उत्तर द्यायची, ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठायची. एकदा टीव्हीवर समुद्र दिसला, तेव्हा हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवून ती एकटक पाहत राहिली. लग्न झालं तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली होती, गाडीवर बसून समुद्र पाहायला जायचं. हिमांशु 'पाहू' म्हणाला होता, आणि तीन वर्षं 'पाहू'च चाललं होतं. त्या दिवशी त्याला स्वतःची लाज वाटली. धान कापून झालं की निघायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

म्हणून ती गाडी. लांबच्या प्रवासाची, साडेतीनशे सीसीची, वारा अडवायला समोर काच, मागे दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या. तिरोड्याकडे, बोदलकशाच्या तलावाअलीकडच्या एका गावात दुलारीबाईंच्या अंगणात ती झाकून ठेवलेली होती. गाडी त्यांच्या मुलाची, खुमेंद्रची. तो कुठे असतो म्हणून विचारलं तर बाईंनी तलावाच्या दिशेला पाहिलं आणि "गेला" एवढंच म्हणाल्या. तरणी पोरं नागपूर-पुण्याला जातातच. हिमांशुने पुढे विचारलं नाही. कागद बाईंच्या नावावर होते, रीतसर होते.

चाबी मात्र एकच मिळाली.

"दूसरी उसके पासच रही," दुलारीबाई म्हणाल्या. "मिळाली त पाठवून देऊ का, बेटा?"

"राहू द्या जी. ज्याच्यापाशी आहे, त्याच्याचपाशी राहू द्या."

हे त्याच्या तोंडून अगदी सहज गेलं, कारण त्याच्या घरात असंच बोलायची रीत होती. कापगते कोहळी समाजाचे, गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. पाणी सोडायच्या दाराला कुलूप एक आणि चाब्या दोन, दोन घरांत. एक दिवस या घराची पाळी, एक दिवस त्या घराची. ज्याची पाळी तो दार उघडणार, दुसऱ्याने विचारायचं नाही. चाबी धरणारा माणूस मेला तर तेराव्याच्या आत त्याच्या दारी जाऊन, हळद लावलेली सुपारी ठेवून ती परत मागायची. मागितली नाही तर पाळी त्या मेलेल्याचीच राहते, असं जुनी माणसं म्हणत. कोणी 'राहू द्या' म्हटलं तर ती चाबी कायमची दिल्यासारखीच. हिमांशुने हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं होतं, आणि ऐकलेलं माणूस विसरतो तसा तो विसरला होता.

गाडी आधी गोंदियाला वीरेंद्रच्या गॅरेजमध्ये गेली. ब्रेक शू, क्लचची तार, चेन, मागचा टायर. अर्धे पार्ट मागवावे लागले आणि आठ दिवस त्यातच गेले. नवी चाबी करायला वीरेंद्रने बाजारातल्या चाबीवाल्याला बोलावलं. त्याने कानशीने घासून एक केली, ती फिरली नाही. दुसरी केली, तीही नाही. तिसऱ्या वेळेला त्याने असल चाबी आणि नक्कल एकावर एक ठेवून उजेडात धरल्या. दाताला दात मिळत होता.

"अजीब है," तो म्हणाला. "जिसके पास दूसरी है ना भैया, उसीसे ले लो."

हिमांशु हसला आणि गाडी घेऊन घरी आला.

घर अर्जुनी मोरगावच्या पुढे, रस्त्याला लागूनच. गाडी मागच्या कोठ्यात ठेवायची, मीटरचा आकडा वहीत लिहायचा, चाबी उशीखाली. पहिल्या रात्री आकडा होता एकतीस हजार चारशे आठ. सकाळी होता एकतीस हजार चारशे पन्नास.

आपणच चुकीचा लिहिला, असं त्याने धरलं. कालव्यावर पंधरा वर्षांत त्याने एकही आकडा चुकीचा लिहिला नव्हता, पण धरलं. दुसऱ्या सकाळी आकडा जागच्या जागी होता, तेव्हा त्याला हायसं वाटलं. तिसऱ्या सकाळी पुन्हा बेचाळीस वाढलेले. चौथ्या सकाळी काही नाही. पाचव्या सकाळी बेचाळीस.

घरापासून धरण एकवीस किलोमीटर होतं. ड्युटीचा रस्ता, त्याला तो आकडा पाठ होता.

कुठेतरी पाणी मुरत होतं. पण चोर म्हणावा तर असा कोणता चोर गाडी नेतो आणि पुसून परत ठेवतो? शिवाय ही गाडी सुरू झाली की शेजारच्या म्हशी उठून उभ्या राहायच्या, आणि गल्लीत कोणीच काही ऐकलं नव्हतं. पेट्रोलही तसूभर कमी झालेलं नसायचं. एकच गोष्ट बदललेली असायची. मागे बसणाऱ्याचे पाय ठेवायचे दोन्ही फूटरेस्ट तो रोज दुमडून ठेवायचा, आणि त्या सकाळी ते उघडलेले असायचे.

त्याने वीरेंद्रला फोन केला. वीरेंद्रने मीटर खोललं, तार बदलली, नवा गिअर टाकला. "मीटर एकदम ओके आहे, भाऊ. गाडी चालून राहिली म्हणून आकडा वाढून राहिला. दुसरं काही नाही."

हिमांशुने मग हाताच्या बोटाएवढी जाड साखळी आणली, मागच्या चाकातून घेऊन कोठ्याच्या खांबाला बांधली, आणि तिच्या कुलपाची किल्ली करगोट्याला अडकवली. सकाळी साखळी जशीच्या तशी होती. कुलूप बंद होतं. बेचाळीस वाढले होते आणि नव्या टायरच्या खाचांत हिरवं, ओलं शेवाळ होतं.

तो खाली बसला. 

या सगळ्यात एक चांगली गोष्ट घडत होती, आणि तिच्यामुळेच तो घरात काही बोलला नाही. निशा सुधारत होती. दुसरी भाकर मागून घ्यायची. सडा टाकताना गुणगुणायची. भल्या पहाटे उठायची तिला पहिल्यापासून सवय. हिमांशुला जाग येईपर्यंत ती अंगणात असायची. एका सकाळी तिची वेणी पार विस्कटलेली होती, गाल बर्फासारखे गार. "थंडी केवढी आहे आज," ती म्हणाली, आणि चक्क हसली. वर्षभरानंतरचं ते हसू पाहून हिमांशुचे डोळे भरून आले. गाडीचा पायगुण चांगला, असं त्याने स्वतःला सांगितलं. प्रवासाचं नाव काढल्यानेच तिच्यात जीव आला, असंही सांगितलं.

शेवटी त्याने बापाजवळ मन मोकळं केलं. उमराव तलावाच्या बांधावर बसून बिडी ओढत होते. सगळं ऐकून घेतलं. एक दिवसाआड म्हटल्यावर त्यांनी बिडी विझवली.

"ते दुसरी चाबी. ते मागतली होती का तू?"

"नाही. बाई पाठवून देतो म्हणत होती. मीच म्हटलं, राहू द्या, ज्याच्यापाशी आहे त्याच्यापाशी."

उमरावांनी विझलेली बिडी फेकून दिली.

"ज्याची चाबी होती, तो जिता हाय का?"

 हिमांशुने तिथूनच दुलारीबाईंना फोन लावला. बाई हळू आवाजात बोलत होत्या. दोन वर्षांपूर्वी गाडी बोदलकशाच्या बांधावर उभी सापडली, एक चाबी लावलेली. दुसरी खुमेंद्रच्या खिशात असायची. खुमेंद्र सापडला नाही. "लगन ठरला होता त्याचा," त्या म्हणाल्या. "बहू को बिठाके समुंदर दिखाऊँगा, म्हनत होता." मग त्या रडू लागल्या आणि हिमांशुने फोन ठेवला.

"सुपारी घे अना जा," उमराव म्हणाले. "त्या तलावावर जाऊन माग. मागतल्याबिगर चाबी सुटत नाही."

"कायच्या गोष्टी करता, बाबा. अख्खा लॉकसेट बदलतो. कुलूपच नवं, त जुनी चाबी काय करन?"

"कुलूप बदलून कोणाची पाळी जाते का रे?"

हिमांशु कालव्यावरचा माणूस. पाणी कुठून गळतं ते पाहायचं आणि तिथे दार बसवायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याने लॉकसेट मागवला.

नागपूरहून पार्सल यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत आकडा तीनदा वाढला. तो जागा राहून पाहायचं ठरवायचा आणि पहाट व्हायच्या आत गाढ झोपलेला असायचा. प्रवासाला चारच दिवस उरले होते. निशाने बॅग काढून ठेवली होती, रोज तीत काहीतरी घालायची.

सातव्या दिवशी दुपारी वीरेंद्रने त्याच्यासमोर खोका उघडला. पेट्रोल टाकीचं झाकण, हँडलचं लॉक, इग्निशन, सगळं वेगवेगळं गुंडाळलेलं. चाब्यांचं पाकीट सीलबंद. वर नंबर छापलेला होता, ७१३६, आणि खाली 'चाब्या : २'.

वीरेंद्रने दातांनी पाकीट फाडलं आणि तळहातावर उलटं केलं.

कडीत एकच चाबी होती.

दोघांनी खोका झटकला. फोम फाडून पाहिला. पाकीट उजेडात धरलं तेव्हा आत, कोपऱ्यात, पाण्याचा एक मोठा थेंब हलला.

"पॅकिंगमध्ये चूक झाली असन," वीरेंद्र म्हणाला. त्याने हात पुसला आणि परत पुसला. "कंपनीला फोन करतो मी, भाऊ. तुम्ही जा."

नवं कुलूप बसवून हिमांशु निघाला. चाबी सहज फिरली. रस्ताभर त्याने मागे वळून पाहिलं नाही, पण मागच्या सीटवर वजन नाही याची त्याला एकसारखी खात्री करावीशी वाटत होती. आज आकडा वाढला नव्हता. काल वाढला होता. म्हणजे उद्या.

उद्या पहाटेच तिरोड्याला जायचं, त्याने ठरवलं. सुपारी घेऊन. हसायचं त्याने हसावं.

घरी पोचला तेव्हा ऊन उतरत होतं. निशा चुलीपाशी भाकर थापत होती. हाताबरोबर बांगड्या वाजत होत्या, आणि बांगड्यांमध्ये आणखी काहीतरी वाजत होतं. बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिनेत एक नवीकोरी चाबी होती.

त्याने तिचं मनगट धरलं. चाबीवर कोरलेलं होतं, ७१३६.

"हे कोठून आली?"

"असं काऊन विचारता जी?" निशा हसली. "तुम्हीच त देली काल सकाळी. धरणावर."

"मी?"

"नाहीतर कोण? रोजच्यासारखं पाण्यापाशी बसलो होतो ना." तिने कपाळावरची बट मनगटाने मागे सारली. "गाडीवर त एक शब्द बोलत नाही तुम्ही. काल एवढे दिवसानं बोलले, मले किती बरं वाटलं."

हिमांशुने तिचं मनगट सोडलं.

"काय बोललो मी?"

"समुद्र दाखवतो म्हणले. चार दिवस कायले थांबायचं, परवाच जाऊ म्हणले. म्हणजे उद्याच."

"निशा, ते चाबी मले दे."

तिने लगेच पीन काढली. पिठाच्या बोटांनी चाबी त्याच्या तळहातावर ठेवली. ती गार होती, चुलीच्या धगीतही गार. पण आता दोन्ही चाब्या त्याच्या मुठीत होत्या. त्याने मूठ आवळली. मिळाली, न मागता मिळाली. तो भिंतीला टेकला.

"ठेवा तुमच्यापाशी," निशा भाकर उलटत म्हणाली. "ते आता लागत नाही म्हणले ना तुम्ही. वापस यायचंच नाही, त चाबी कायले?"

त्याने दाराकडे पाहिलं. ओसरीवर निशाची बॅग भरून, चेन लावून ठेवलेली होती. तिच्याशेजारी दोन हेल्मेटं होती. एक तिचं, लाल. दुसरं काळं, आणि त्याच्याखालची फरशी ओली होत चालली होती.

हिमांशुचं हेल्मेट अजून त्याच्या हातातच होतं.