रामरावांच्या खांद्यावरचा हात

पटलं नाही तर सोडून द्या, पण खोटं म्हणू नका. २००० सालच्या पोळ्याच्या संध्याकाळी, मंठ्यात, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

त्या काळी विंडोज चालू होताना निळ्या आकाशातले ढग दिसायचे. आम्ही कॉम्प्युटरवाले ते काढून गिऱ्हाईक म्हणेल ते चित्र टाकून द्यायचो. कुणाला गणपती, कुणाला दुकानाचं नाव.

मंठ्याच्या काकासाहेबाला बियाण्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आपले वारलेले वडील, रामराव, हवे होते. हार घातलेले.

रामरावांचा एकट्याचा फोटोच नव्हता. होता तो बायकोसोबतचा. नंदाबाई तर हयात. जित्या माणसाच्या फोटोला हार कसा घालणार?

मग जालन्याला माझ्या दुकानात मी नंदाबाईंना कापलं, रामरावांच्या गळ्यात हार रंगवला आणि तेवढंच चित्र त्याच्या कॉम्प्युटरमध्ये टाकलं.

थोड्याच दिवसांत फोन.

"संपत, ह्यो बाईचा हात कामून ठेवला रे?"

मी वैतागून मंठ्याला गेलो. फाइल उघडली. हात नव्हता.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला...

रामरावांच्या खांद्यावर हात. हिरव्या बांगड्या.

चित्र नव्याने टाकलं. परत फोन, आता अर्धा चेहरा आला म्हणे. फॉरमॅट मारला. हार्ड डिस्क बदलली. एसटीच्या धक्क्यांनी माझं कंबरडं मोडलं, पण त्या बाई काही हटेनात!

पोळ्याच्या दिवशी काकासाहेब रडकुंडीला आला.

"माय बराबर शेजारी बसलीय. अन् हार... दोघांच्याबी गळ्यात. तिला काही झालं तर? काढ बाबा जल्दी!"

गेलो. चित्रच उडवलं. मूळचे ढग परत आणले. बंद केला, चालू केला, पुन्हा केला. फक्त ढग.

सुटलो एकदाचा, म्हटलं.

तेवढ्यात मागच्या घरातून नंदाबाई पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या. चांगल्या ठणठणीत. त्यांना यातलं कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

"काय करून राह्यले रे? मलाबी दाखवा की."

मी ऐटीत बटण दाबलं.

निळं आकाश. ढग...

नंदाबाईंनी पटकन डोक्यावर पदर घेतला.

"आले न्हवं," त्या स्क्रीनकडे बघून लाजल्या. "किती घाई करून राह्यले तुमी!"

ताट टेबलावर ठेवलं. खुर्चीत बसल्या.

आणि परत उठल्याच नाहीत.

काकासाहेब अजूनही भेटला की विचारतो, "तू तर काढलं म्हणला व्हतास ना?"

अहो, काढलं होतं! मी काढलंच होतं...