सारखं वजन, वेगळ्या रेषा

काट्यावर दोघींचं वजन अगदी सारखं भरलं आणि दोघींच्याही नावापुढे तांबडा दिवा लागला. ‘वजन कमी. खोल पाण्यात जायला मनाई.’

“ताई, आता गं?” केतकीचा चेहरा पडला. तिची बहीण शाल्मली आणि शाल्मलीची मैत्रीण ताहिरा वेंगुर्ल्याजवळच्या सागरतळ केंद्रात वर्षभर शिकत होत्या. उद्या त्या पहिल्यांदाच समुद्रतळावर उतरणार होत्या. केतकी खास ते बघायला आली होती.

“थांबा,” केंद्रातली यंत्रमानव डॉक्टर निमा म्हणाली. “आजच्या एका आकड्यावरून काही ठरवायचं नाही. तो इथवर आला कसा, ते बघू.”

भिंतीवर दोन वाढरेषा (वयाबरोबर वजन कसं बदललं ते दाखवणाऱ्या रेषा) उमटल्या. शाल्मलीची रेषा लहानपणापासून खालच्याच बाजूला, पण दरवर्षी बिनबोभाट चढत विशीत स्थिरावलेली. ताहिराची मात्र इतकी वर्षं मधून चालली होती आणि गेल्या वर्षी धाडकन खाली आली होती.

केतकी दोन्ही रेषांकडे बघत राहिली. “म्हणजे ताई पहिल्यापासूनच बारीक आहे... आणि ताहिराताई बारीक झालीय!”

“अगदी बरोबर! शाल्मलीचं रक्त, ताकद, पाळी सगळं ठीक आहे. तिची चणच तशी, तिला उतरायला हरकत नाही. पण एखादीची रेषा स्वतःची वाट सोडून घसरली, की कारण शोधायलाच हवं.”

“अगं, पण मी दुप्पट जेवते!” ताहिरा हसली. “जातं कुठे कोण जाणे.”

“सकाळी चहा ओतताना तुझा हात थरथरत होता,” केतकी हळूच म्हणाली.

ताहिराचं हसू मावळलं.

निमानं तिचं रक्त तपासलं. गळ्यातली अवटू ग्रंथी (शरीरानं अन्न किती वेगानं जाळायचं ते ठरवणारा अवयव) भलत्याच जोरात काम करत होती. म्हणूनच खाल्लेलं अंगी लागत नव्हतं.

“औषधानं ती ताळ्यावर येईल,” निमा म्हणाली. “पण आत्ता खोल पाण्यात गेलीस तर हृदयाला झेपणार नाही.”

दुसऱ्या दिवशी शाल्मली एकटीच उतरली. ताहिराचे डोळे भरून आले होते, तरी पडद्यासमोर बसून ती मैत्रिणीला वाट सांगत होती. केतकी तिला अगदी खेटून बसली.

“पुढच्या हिवाळ्यात नक्की ये हं,” ताहिरा म्हणाली. “तेव्हा इथं बसून वाट तू सांगायचीस. मी खाली असेन.”