बासष्ट ओळखपत्रं

भीमाशंकर सर फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढत होते, तेवढ्यात वर्गाच्या दारात एक पांढरा कोट येऊन उभा राहिला. कोटात एक मुलगी होती, मुलीच्या हातात सुयांचा ट्रे.

"रक्तगट तपासायला आलेय, सर. तुमचं हृदय झालं की सांगा."

बारावीचा वर्ग हसला. ढोकीच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून सरांना चार वर्षं झाली होती, पण वर्ग इतक्या मनापासून कधी हसला नव्हता. सर गडबडले आणि लाल खडू भलत्याच कप्प्यात फिरवून बसले.

"उजवं अलिंद आहे ते..." ती हळूच म्हणाली. "तिथं निळा लागतो."

ही शिवलीला. धाराशिवच्या एका रक्तपेढीत टेक्निशियन, गाव मुरूम. घरात कानडी, बाहेर मराठी, रागात दोन्ही.

प्रयोगशाळेतल्या टेबलावर तिनं काम मांडलं. बोटाला सुई, काचेवर रक्ताचे तीन थेंब, प्रत्येकात वेगळं औषध. कुठल्या थेंबात गुठळ्या होतात त्यावरून गट. शेजारी उभं राहून ओळखपत्रावरचा गट वाचून दाखवायचं काम सरांनी आपणहून घेतलं. पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. पहिली दोन कार्डं चुकीची निघाली. तिसऱ्या मुलीला, सोनालीला, तिनं जरा थांबवून घेतलं. कार्डावर बी पॉझिटिव्ह होतं. काचेवर मात्र एकाही थेंबात गुठळी नाही.

"ओ निगेटिव्ह," शिवलीला म्हणाली. "उद्या हिला अपघात झाला तर घरचे बी पॉझिटिव्हवाले गोळा करत गावभर फिरतील. आन् हिला ओ निगेटिव्हशिवाय दुसरं चालत न्हाय. कार्डं कुणी केली, सर?"

कार्डं सरांनीच केली होती. जूनमध्ये कॉम्प्युटरवर फॉर्म भरताना रक्तगटाचा रकाना रिकामा ठेवला की पुढचं पान उघडेना. बासष्टपैकी अकरा पोरांना आपला गट माहीत होता. उरलेल्या एक्कावन्न जणांना सरांनी चहा निवायच्या आत बी पॉझिटिव्ह करून टाकलं. स्वतःचा तोच होता. परका वाटला नाही.

"प्रिंटरवाल्याचा घोळ असंल," सर म्हणाले.

सरांचे नंतरचे पंधरा दिवस लाजेत गेले, आणि वाईट म्हणजे सुखातही गेले. दुरुस्त याद्यांसाठी तिचा रोज फोन यायचा. यादी दोन मिनिटांत संपायची, बोलणं संपायचं नाही. हृदयातल्या डाव्या निलयाची भिंत एवढी जाड का असते, हे तिनं एकदा मुद्दाम विचारलं. अख्ख्या शरीराला रक्त ढकलायचं असतं म्हणून, असं सरांनी सांगितलं. "आन् माणसं जाड कातडीची का असतात?" ती हसत म्हणाली. तिच्या मनात प्रिंटरवाला होता. भीमाशंकरला त्या दिवशी भाकरी गेली नाही.

मग तिनं आनंदानं कळवलं की तिनं प्राचार्यांना सगळं सांगितलंय. प्रिंटरचं काम काढून घ्यायचं पत्र तयार आहे. साक्षीदार म्हणून सरांची सही तेवढी हवी.

भीमाशंकर धाराशिवला गेला, तो आधी प्रिंटरच्या दुकानात. का गेला, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. प्रिंटरवाले बंडप्पा साठीचे, जाड भिंगातून त्यांनी ओळखपत्राचा नमुना डोळ्याजवळ नेला.

"झाली असंल चूक, सर," ते म्हणाले. "डोळं गेलेत आता. पोरांची माफी मागतो म्या."

तिथून रक्तपेढी दहा मिनिटांवर होती. त्याला पाऊण तास लागला.

शिवलीला मायक्रोस्कोपवर वाकलेली होती. त्याला पाहून ती हसली, आणि तेच त्याला सोसवेना.

"एक सांगायचंय..."

"फोनवर नसतं सांगता आलं?" तिचे गाल लाल झाले होते. तिला दुसरंच काही ऐकायला मिळणार असं वाटत होतं, हे त्याच्या ध्यानात आलं. आता मात्र मागे फिरायला जागा नव्हती.

"बी पॉझिटिव्ह मी भरलं. एक्कावन्न वेळा. प्रिंटरनं दिलं तेच छापलं."

ती कानडीत काहीतरी म्हणाली. त्यातलं त्याला एवढंच कळलं, की ते कौतुक नव्हतं.

"पंधरा दिवस त्या माणसाला नावं ठेवली मी," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर. अन् तुम्ही ऐकून घेतलंत."

"व्हय. तुमचा फोन बंद झाला असता..."

तिनं कागद पुढं सरकवला. त्यानं प्राचार्यांना चार ओळी लिहिल्या, सही केली. तिनं वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक सुधारली आणि कोट काढून खुंटीला लावला.

"चला. माफी मलापण मागायचीय."

दुकानात दोघांनी माफी मागितली. बंडप्पांनी सगळं ऐकून घेतलं, आधी सरांकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"आन् ह्या कोण तुमच्या?"

भीमाशंकरनं मान खाली घातली.

"ते ठरायचंय, आप्पा," शिवलीला म्हणाली. तिनं शेजारचं स्टूल ओढलं आणि भीमाशंकरपुढं ठेवलं. "बसा. नव्या कार्डांसाठी यादी मी वाचते, तुम्ही लिहा. आणि विचारल्याशिवाय एक अक्षर लिहू नका."